ओल्या गॉजचा रकाना

४ फेब्रुवारी, मंगळवार

आज दोन वह्या घेतल्या. एक कामाची, एक ही.

कामाची वही बाईंनी सांगितली. बाई म्हणजे आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख. केस पांढरे, चष्मा दोरीला, आवाज कधी चढत नाही, म्हणून भीती जास्त वाटते. म्हणाल्या, "हाताने केलं की लगेच हाताने लिहायचं. मागाहून आठवून लिहिलं की त्याची गोष्ट होते." बरं. म्हणून ही दुसरी वही. हिच्यात मी मागाहून आठवूनच लिहिणार. गोष्ट झाली तर झाली.

नोकरी ताईने शोधली. सात महिने तिच्या घरी बसून खातोय. दुसऱ्या वर्षाच्या प्रॅक्टिकलला सर म्हणाले, हे आकडे तू शेजाऱ्याचे उतरवलेस. मी जर्नल टेबलावर आपटलं आणि कॉलेजचा जिना उतरलो, तो परत चढलो नाही. दाजी शिंपी आहेत, दुकान घराच्याच खाली. त्यांचं म्हणणं, "आमची काडेपेटी जगावेगळी. घासली तरी पेटते, नाही घासली तरी पेटते."

काम असं. माणूस जातो, घरचे अवयव दान करतात. कधी कधी लिव्हर दुसऱ्याला बसवण्याजोगं नसतं. घरच्यांनी परवानगी दिली असेल तर ते बर्फाच्या पेटीतून आमच्याकडे येतं. त्याची दोन बोटं जाडीची चकती कापायची, अंगाच्या उबेइतकी कोमट करायची आणि मशीनच्या गोल टोकाच्या दांडीने हळूच दाबायची. किती जोर लावला की दांडी किती आत गेली, एवढंच मोजायचं. या आकड्यांवरून एक साचेवाला रबरासारख्या मालाचं सरावाचं लिव्हर करणार आणि नवे सर्जन त्यावर हात बसवणार.

"आपले आकडे कडक निघाले तर माल कडक होईल," बाई म्हणाल्या. "मग ती मुलं जोर लावून धरायला शिकतील. खरं लिव्हर तसं धरलं की फाटतं. कळलं?"

कळलं. मला वाटलं होतं चक्कर येईल. आली नाही. पांढरं टेबल, ट्रे, ट्रेमध्ये एक चकती, तिच्यावर गॉजची ओली जाळीदार पट्टी. सगळं इतकं नीटनेटकं की त्या खोलीत गबाळा मी एकटाच.

८ फेब्रुवारी, शनिवार

बाईंशी वाजलं. पाचव्या दिवशी वाजलं, म्हणजे माझ्या मानाने बराच टिकलो.

मशीन एका जागी वीस वेळा दाबतं. बाई त्यातल्या पहिल्या दहा वेळचे आकडे धरतच नाहीत. मी म्हटलं, ही लबाडी झाली. आवडतील ते ठेवायचे आणि नको ते फेकायचे, मग मोजता कशाला? बाईंनी चष्मा पुसला.

"पहिल्या दाबाला एक आकडा येतो, दुसऱ्याला वेगळा, तिसऱ्याला आणखी वेगळा. दहाव्यानंतर तोच तोच येतो. कापताना, उचलताना त्याला त्रास झालेला असतो. आधी ते सावरतं. सावरल्यावर जे सांगेल ते धरायचं."

"आणि फेकलेले?"

"फेकले कोणी? पान सात बघ."

पान सातवर सगळेच्या सगळे होते. तारखेनिशी. उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय.

घरी सांगितलं तर दाजी म्हणाले, "नवं कापड मी आधी भिजवून घेतो, ते काय मला हौस आहे म्हणून?"

१३ फेब्रुवारी, गुरुवार

इस्पितळातून पेटी घेऊन येतो तो तिथला शिपाई, सगळ्यांचा मामा. पेटी ठेवतो, सही घेतो आणि आपण 'या बसा' म्हणेपर्यंत फाटकाबाहेर असतो. पहिले तीन नमुने त्यानेच आणले. आज त्याची कंबर धरली म्हणून चौथा दुसऱ्याच कोणी आणला.

नाव कळलंय, पण इथे लिहिणार नाही. ताई ही वही वाचते की नाही याचा अंदाज नाही. पेटीवाली म्हणू.

ती अवयवदानाच्या कक्षात आहे. परवानगी विचारायला घरच्यांसमोर बसते ती हीच. साडेतीनला पेटी ठेवून ती गेली नाही, मी चकती कापेपर्यंत थांबली. म्हणाली, "यांचं तुम्ही नक्की करता काय? लोक मला विचारतात आणि मला धड सांगता येत नाही."

मी चकती कापून, कोमट करून नुकतीच ट्रेमध्ये ठेवली होती. गॉज उचललं आणि सगळं दाखवलं. ही कड, ही शीर, हे वरचं पातळ आवरण, दांडी इथे टेकणार. ती वाकून बघत होती. तोंड वाकडं केलं नाही, नाकाला रुमाल लावला नाही. बऱ्याच वेळाने म्हणाली, "रंग किती छान आहे."

चार दहाला दाखवायला घेतलं, चार पस्तीसला ती गेली. मग दाबायला घेतलं.

कामाच्या वहीत 'गॉज ओलं?' असा एक रकाना आहे. दर पाच मिनिटांनी बघायचं, सलाईन शिंपडायचं आणि खूण करायची. मी सगळ्या खुणा शेवटी एकदम करून टाकतो. सोपं पडतं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

पाचवाही तिनेच आणला. मामाची कंबर अशीच राहो. असं म्हणू नये, पण राहो.

तिला विचारलं, तुम्ही त्या लोकांशी बोलता तरी कसं? म्हणाली, "आधी पाणी देते. मग गप्प बसते. बहुतेक वेळा तेच विचारतात, आता पुढे काय करायचं असतं. तेव्हा सांगते." मी म्हटलं, मला नाही जमणार. म्हणाली, "तुम्हाला गप्प बसणं जमणार नाही." ही टोचणी होती की कौतुक, तेव्हापासून विचार करतोय.

चहा दिला. साडेतीनला आली, चारला गॉज उचललं, चार पंचवीसला ती गेली. मामा फोनवर भलत्या बोलण्यात म्हणाला की ती चहाला शिवतसुद्धा नाही, तिला पित्त होतं. आमच्याकडे तर दोन कप प्यायली. आमचा चहा चांगला असावा.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

आजचा दिवस गेला खड्ड्यात.

आठवा नमुना. ती पेटी घेऊन आली, मी हात धूत होतो म्हणून आमचा फोन तिने उचलला, तर साचेवाल्याशी बोलत होती आणि हसत होती. माझ्यासमोर कधी इतकी हसली आहे? साचेवाल्याला मी पाहिलेलं नाही. आवाज मात्र भरदार आहे. तळपायाची आग मस्तकात गेली. तिने फोन ठेवला आणि विचारलं, "आज काय दाखवणार?" मी म्हटलं, "'पेटी कोणी आणली' इथे सही करा." तिने पेन काढलं. सही केली आणि गेली. तीन मिनिटं.

मी तसाच फणफणत काम उरकलं. लिव्हर लोण्यासारखं मऊ निघालं. त्याचाही राग आला.

६ मार्च, गुरुवार

साचेवाला आज येऊन गेला. वय पासष्टच्या पुढे, कानात यंत्र, नातीचे फोटो खिशात. परवा पेटीवालीला तो नातीने आजोबांच्या साच्यात जेली ओतली त्याची हकिगत सांगत होता. मलाही सांगितली. मलाही हसू आलं.

दहावा नमुना. ती आली तेव्हा मी आपणहून म्हटलं, परवा माझं डोकं फिरलं होतं. म्हणाली, "फिरलेलं दिसलं. पण ते कशाने फिरतं ते कळत नाही." मी भिंग काढून तिला कापलेल्या बाजूची जाळी दाखवली. चार पाच ते साडेचार. एवढा वेळ ती भिंगातून बघत होती आणि मी तिच्या भुवईकडे. खरं ते लिहायचं ठरवलंय, म्हणून लिहिलं.

१९ मार्च, बुधवार

पंधरावा नमुना. ती दारातूनच परतली. "मला खोकला झालाय, तुमच्या नमुन्यावर नको," म्हणाली आणि पेटी उंबऱ्यात ठेवून गेली. किती काळजी करते ती त्या चकत्यांची. दिवसभर चुकल्याचुकल्यासारखं. आजचंही मऊ निघालं.

२९ मार्च, शनिवार

अठरावा. आज ती चक्क खुर्ची ओढून बसली. तिचे वडील घड्याळं दुरुस्त करत, ती लहानपणी त्यांच्या दुकानात कशी बसायची, ते सांगत होती. मी दाजींच्या दुकानाचं सांगितलं. जर्नल आपटल्याचंही सांगितलं. सगळे म्हणतात 'बरोबर केलंस' किंवा 'चूक केलीस'. तिने विचारलं, "मग ते आकडे होते कुणाचे?" मी म्हटलं, माझेच होते. म्हणाली, "मग तिथेच थांबून परत मोजून दाखवायचे ना." चार दहा ते चार पंचावन्न.

दाबताना चकतीचा वरचा भाग जरा चिवट वाटला. असेल एखाद्याचं तसं.

५ एप्रिल, शनिवार

मी नोकरी सोडली.

एकोणीस नमुने झाले म्हणून बाईंनी काल सगळे आकडे एका कागदावर मांडले. त्यांचे दोन ढीग पडले. अकरा मऊ, आठ कडक, अधलंमधलं काही नाही. बाईंना वाटलं कडकवाल्यांना काही आजार असेल. कागदपत्रं पाहिली, तसं काही नव्हतं. वय पाहिलं, नाही. मग त्यांचं लक्ष 'पेटी कोणी आणली' या रकान्याकडे गेलं. मामाचे नऊच्या नऊ मऊ. आठही कडक नमुने पेटीवालीचे.

"बर्फ थेट लागत असणार, नाहीतर वाटेत कुठे रेंगाळत असणार," बाई म्हणाल्या. "बुधवारी अकराला तिला बोलावलंय. तिचं ऐकते आणि इस्पितळाला पत्र लिहिते. त्या कक्षात यापुढे नीट काम करणारं माणूस लागेल."

कक्षातून काढणार. घरच्यांपुढे बसायचं जे काम तिला येतं, ते काढून घेणार.

मग मी काय काय बोललो ते सगळं आठवत नाही. ती रेंगाळणाऱ्यातली नाही, तुम्ही खोलीत बसून माणसं तोलता, तुमच्या मशीनचंच काहीतरी बिघडलं असेल, असं बरंच. बाई म्हणाल्या, "मशीन मी पुन्हा तपासलं. तुझ्याकडे दुसरं कारण असेल तर सांग."

माझ्याकडे कारण नव्हतं, राग होता. एप्रन खुर्चीवर टाकला आणि आलो निघून.

७ एप्रिल, सोमवार

घरी बसून दोन दिवस झाले. ताई नुसती भांडी जोरात ठेवते. दुपारी न राहवून म्हणाली, "तुझी वही मी वाचत नाही हं. पण ही पेटीवाली कोण?"

मी दाजींच्या दुकानात जाऊन बसलो. ते काजं करत होते. सगळं सांगितलं. बाई कशा अन्यायी, पेटीवाली कशी नेक.

"भांडलास तिच्यासाठी?"

"मग? भांडणारच."

"छान. तिला त्याचा काय उपयोग झाला?"

मी टेबलावरची बटणं गोळा करायला लागलो.

"शर्ट आटला," दाजी सुई न थांबवता म्हणाले, "की गिऱ्हाईक शिंप्याला बोलतं, शिंपी धोब्याला बोलतो, धोबी कापडाला. जो तो आपल्या पलीकडच्याला. तुला त्या मुलीला सोडवायचं असलं तर पुरावा घेऊन जा. आरडाओरडा बाईंकडे पोचलाय, तो पुन्हा न्यायची गरज नाही."

पुरावा आहे की माझ्याकडे. ती किती वाजता आली ते दर वेळी या वहीत लिहिलंय. आणि इस्पितळातून निघाल्याची वेळ पेटीवरच्या चिठ्ठीवर असते, त्याची प्रत मी ठेवतो. दोन्ही जुळवलं की ती रेंगाळली नाही हे सिद्ध. उद्या करतो.

८ एप्रिल, मंगळवार

केलं.

ती एकदाही रेंगाळली नाही. दर वेळी अर्ध्या तासाच्या आत पोचली, मामापेक्षा लवकर. मला इतका आनंद झाला की मी ओरडून ताईला बोलावणार होतो. मग म्हटलं, पक्कंच करू. कडक आठांची यादी पुढे ठेवून प्रत्येकाचं पान काढू. चार, पाच, सात, दहा, बारा, तेरा, सतरा, अठरा.

ही सगळी माझी आवडती पानं निघाली.

तिने आणलेले दोन नमुने मऊ होते, आठवा आणि पंधरावा. आठव्याला मी फुगलो होतो आणि ती तीन मिनिटांत गेली. पंधराव्याला तिला खोकला होता आणि ती आत आलीच नाही. म्हणजे ती आणते तेव्हा कडक होत नाही. ती थांबते तेव्हा होतं.

ती थांबते तेव्हा मी काय करतो? गॉज उचलतो. भिंग काढतो. चहा ठेवतो. आणि बोलतो. चकती दिव्याखाली उघडी पडलेली असते आणि मी तिच्यावर सलाईनचा एक थेंबही शिंपडत नाही, कारण माझं लक्ष चकतीकडे नसतं. उघड्या कणकेला पापुद्रा धरतो हे लहान पोराला कळतं. मला कळलं नाही. वर रकान्यात दर पाच मिनिटांची खूण. ओलं, ओलं, ओलं, ओलं. सगळ्या खुणा एका दमात केलेल्या, एकाच तिरक्या हाताने.

तिची बाजू मांडायला म्हणून ही वही काढली आणि माझीच फिर्याद हाती आली.

उद्या गेलो नाही तर काय होईल, ते मला माहीत आहे. मी तर नोकरी सोडलेली आहे. मला कोणी विचारणार नाही. तिला काढतील. साचेवाला कडक लिव्हर करेल आणि कुठलासा सर्जन शिकलेल्या जोराने खरं लिव्हर धरेल. आणि गेलो तर बाईंपुढे उभं राहून सांगावं लागेल की रकाने खोटे आहेत. सरांनी जे म्हटलं होतं तेच की. तेव्हा ते खोटं होतं, आता खरं आहे.

ताईने ताट झाकून ठेवलं.

९ एप्रिल, बुधवार

अकराला पाच कमी असताना पोचलो. पेटीवाली आधीच येऊन बसली होती, हात मांडीवर, समोर बाई. मला वाटलं होतं ती यायच्या आधी बाईंना एकट्यांना गाठू. ते नशिबात नव्हतं.

"एप्रन न्यायला आलास का?" बाई म्हणाल्या.

"नाही. कारण सांगायला आलो."

उभ्यानेच सांगितलं. गॉज, भिंग, चहा. बाईंनी कामाची वही ओढून घेतली आणि रकान्यावरून बोट फिरवलं.

"आणि या खुणा?"

"शेवटी एकदम करत होतो."

"या आठांच्या?"

"सगळ्याच."

बाईंनी पानं मागे उलटवत पहिल्या नमुन्यापर्यंत नेली.

"मग मामाने आणलेल्या नऊ नमुन्यांचं तरी मी काय धरायचं?"

"ते झाकलेले होते, बाई. तेव्हा गॉज काढायला काही कारणच नव्हतं."

बाईंनी पेटीवालीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग चष्मा काढून पुसायला घेतला. नेहमीपेक्षा जास्त वेळ पुसला.

"किती वेळ उघडे होते ते सांगता येईल? अंदाज नकोय मला."

येईल, मी म्हटलं. माझ्या एका खाजगी वहीत वेळा लिहिलेल्या आहेत. बाईंनी हात पुढे केला. मी म्हटलं, वही देता येणार नाही, वाचून दाखवतो, फक्त वेळा. त्या म्हणाल्या, बरं. मग मी तिच्यादेखत वाचत गेलो. चौथा, चार दहा ते चार पस्तीस. पाचवा, चार ते चार पंचवीस. मधल्या ओळी डोळ्यांनी ओलांडत होतो. कान इतके तापले होते की नमुना कोमट करायला वेगळं पाणी लागलं नसतं. बाई नुसते आकडे उतरवत होत्या.

"अठरावा. चार दहा ते चार पंचावन्न."

"पाच दहा," पेटीवाली म्हणाली. आल्यापासून पहिल्यांदा बोलली. "चार पंचावन्न नाही. मी पाचची बस सोडली होती त्या दिवशी. आणि बारावा तुम्ही पस्तीस मिनिटं वाचलात, तो पन्नास होता. त्या दिवशी तुम्ही लिव्हर ओल्या कागदासारखं कसं फाटतं ते समजावून सांगत होता."

मला ओशाळल्यासारखं झालं. इतकं नीट लिहितो म्हणत होतो आणि दोन ठिकाणी चुकलो. तिची स्मरणशक्ती खरंच चांगली आहे. घड्याळजीची मुलगी.

बाईंनी दोन्ही आकडे दुरुस्त केले. "तुम्हीपण वही ठेवता का?" त्यांनी तिला विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "लक्षात राहतं."

बाई उठल्या आणि खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. आमच्याकडे पाठ करून म्हणाल्या, "पत्र मी लिहीत नाही. तुमच्या पेटीत काही खोट नव्हती, हे मात्र इस्पितळाला कळवते. आणि तू. तुला काढलं तर हे निस्तरायला मला दुसरा माणूस शिकवावा लागेल. पुढचं लिव्हर आलं की त्याच्या दोन चकत्या कर. एक झाकलेली, एक उघडी. दर पाच मिनिटांनी दोन्ही दाब. वाळल्याने किती कडक होतं हे कळलं, तर या आठांतले काही वाचतील. सगळे वाचणार नाहीत."

बाहेर जिन्यात मी तिला म्हटलं, माझ्यामुळे तुमच्यावर आलं, माफ करा. ती दोन पायऱ्या उतरून थांबली.

"मला काय बांधून ठेवलं होतंस? मीही बसतच होते ना," ती म्हणाली. मग जरा वेळाने, "अठराव्याला परवानगीची सही त्यांच्या मुलीने केली होती. तिने विचारलं होतं, वाया नाही ना जाणार."

या वेळी गप्प बसणं जमलं.

१७ एप्रिल, गुरुवार

विसावा नमुना. मामा घेऊन आला, कंबर आता ठीक आहे. दोन चकत्या केल्या, एकाच लिव्हरच्या, शेजारच्या दोन ट्रेमध्ये. बाई घड्याळ घेऊन बसल्या, मी दाबत गेलो. प्रत्येक खूण त्या त्या वेळेला केली. पंधराव्या मिनिटाला सलाईनची बाटली शोधण्यात एक मिनिट उशीर झाला, तर तेही लिहिलं.

झाकलेली चकती तासभर तशीच राहिली, जणू तिला वेळ माहीतच नाही. उघडी पहिली दहा मिनिटं बरी होती. वीस मिनिटांनी पावपट जास्त कडक झाली, तिशीनंतर तर भराभर. पंचेचाळीस मिनिटांनी तिच्यावर इतका पापुद्रा धरला की दांडी टेकताच एक बारीक चीर गेली. त्यापुढचे आकडे कशाचेच नव्हते.

बाईंनी कागदावर रेघ काढली आणि आठ नमुने तिच्यावर एकेक करून ठेवले. सहा पुन्हा मऊ ढिगात जाऊन बसले, अगदी हात धरून नेल्यासारखे. बारावा आणि अठरावा बसले नाहीत. ते फार वेळ उघडे होते.

"हे दोन गेले," बाई म्हणाल्या.

तेव्हाच सगळं अंगावर आलं. नऊ तारखेला लाज वाटत होती ती माझी होती. आज वाईट वाटलं ते त्या दोघांचं. मी त्यांचं वय पाहिलं. कधी पाहत नाही. एक चौपन्न, एक एकाहत्तर.

पेटीवालीला फोन करून सांगितलं, कारण ते तिला माझ्याकडूनच कळायला हवं होतं. तिने आधी दोन्ही नमुन्यांचे नंबर विचारून घेतले. मग म्हणाली, "ती मुलगी परत भेटली तर मी वाया गेलं म्हणणार नाही. चूक कुठे होती ते त्यांच्यावरूनच दिसलं ना?" मी हो म्हटलं. ते खरं होतं. "मग त्या वहीत तसं लिही," म्हणाली. लिहिलं. कामाच्या वहीत, बाराव्या आणि अठराव्यापुढे, चांगल्या अक्षरात.

बाईंनी दारावर पाटी लावली आहे. नमुना उघडा असताना खोलीत एकच माणूस. कोणासाठी आहे ते लिहिलेलं नाही.

२४ एप्रिल, गुरुवार

सोमवारी आकडे साचेवाल्याकडे गेले. त्याने काल पहिला ओबडधोबड तुकडा पाठवला. बाईंनी तो माझ्या तळहातावर ठेवला आणि म्हणाल्या, डोळे मिट. मिटले. बोटं आपोआप सैल झाली. खऱ्या चकतीवर दांडीच्या जागी माझा हात असता तर असंच झालं असतं, इतकं नेमकं. "ठीक आहे," बाई म्हणाल्या. त्यांचं 'ठीक आहे' म्हणजे दुसऱ्या कोणाची मिरवणूक.

आज एकविसावा नमुना पेटीवालीने आणला. चारला दारातच पेटी घेतली. आतलं काढून पेटी धुतली, पुसली, सही करून तिच्या हातात परत दिली आणि दार लावून घेतलं. मग काम. झाक, उघड, टेकव, दाब, शिंपड, खूण. पहिले दहा दाब सोडले, पुढचे दहा धरले. घाई नव्हती, चिडचिड नव्हती. हे काम मला येतं, असं आज पहिल्यांदा वाटलं. सगळं आवरून, ट्रे धुऊन, दिवा बंद करून बाहेर आलो तेव्हा सव्वापाच झाले होते.

ती बाहेरच्या बाकावर बसली होती. पायाशी पेटी.

मला वाटलं काहीतरी राहिलं. "पेटी मिळाली होती ना?" मी विचारलं.

"मिळाली होती."

"सही?"

"झाली."

"मग काही निरोप द्यायचा होता का इस्पितळाचा?"

"नाही," ती म्हणाली आणि माझ्याकडे बघत राहिली, समोरची पाटी न वाचता येणाऱ्या माणसाकडे बघावं तशी. "सव्वा तास बसले मी इथे. बाकाला पाठसुद्धा नाही."

आतून बाईंचा आवाज आला, "अरे, चहा बाहेर प्या कुठेतरी. आमच्या चहाने तिला पित्त होतं."

मला एकदम सगळं दिसलं. ते लिहिता येत नाही. म्हटलं, आलो, हात धुऊन येतो. आत गेलो. हात आधीच धुतलेले होते. पुन्हा धुतले, आणि मग आणखी एकदा धुतले.